फाल्गुन सरायच्या आत : कोकणातल्या गोल्फ हिरवळीबद्दल वाचकांचे प्रश्न

माघ सरला की हिरवळीबद्दलची पत्रं वाढतात. यंदा बहुतेक प्रश्न गोल्फच्या ग्रीन आणि फेअरवेबद्दल आहेत, काही घरच्या पटिंग ग्रीनबद्दल. ग्रीन म्हणजे चेंडू जिथे घालवायचा त्या भोकाभोवतीची (होलभोवतीची) अगदी बुटकी कापलेली हिरवळ, फेअरवे म्हणजे तिथवर जाणारा लांब पट्टा, टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा आणि रफ म्हणजे कडेचं वाढू दिलेलं गवत. उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे ती प्रत्येक ठिकाणी उगाळावी लागणार नाही. इंग्रजी व्हिडिओंतलं ‘स्प्रिंग’चं वेळापत्रक थंडीत वाढणाऱ्या गवतांचं असतं. बर्फ वितळला की ती गवतं जागी होतात आणि पुढे त्यांच्यापुढे दोन-तीन महिने गारवा असतो. आपली हरळी उष्ण हवेतली आहे. तिच्यापुढे वसंतानंतर एप्रिल-मेचं ऊन, आटलेल्या विहिरी आणि खारं होत जाणारं पाणी येतं. गवताला जखम करणारं प्रत्येक काम, म्हणजे भोकं पाडणं, चिरा देणं, खरडणं, फाल्गुनातच उरकायला हवं. एप्रिल उजाडेपर्यंत जखमा भरलेल्या आणि मुळं खाली उतरलेली हवीत.

मापं आम्ही गुंठ्याला दिली आहेत. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. हिशेबाला १०० धरा.

प्रश्न : आमच्या रिसॉर्टच्या नऊ होलच्या कोर्सवर टिफड्वार्फचे (बुटक्या संकरित हरळीचे) ग्रीन आहेत, प्रत्येकी साधारण पाच गुंठे. मातीला भोकं पाडणारं पोकळ दातांचं एरेटर आठ दिवसांसाठी भाड्याने मिळतंय. नेमकं कधी वापरावं आणि कोणत्या क्रमाने? गेल्या वर्षी एप्रिलमध्ये केलं, तर भोकं पावसाळ्यापर्यंत दिसत राहिली.
— ग्रीनकीपर, गुहागर

एप्रिलमध्ये दिवसाचं ऊन आणि पाण्याची ओढ यांतून तग धरण्यातच गवताची ताकद संपते, भोकाच्या कडेने धुमारे फुटायला काही उरत नाही. म्हणून तुमची भोकं भरली नाहीत. तारीख कॅलेंडरवर न शोधता थर्मामीटरवर शोधा. सकाळी नऊच्या सुमारास १० सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान सलग आठवडाभर २० अंशांच्या वर राहिलं की गवत कामाला लागलेलं असतं. गुहागरसारख्या किनाऱ्यालगतच्या जागी हे लवकर होतं. दापोलीच्या पठारावर पहाटे पारा बराच खाली जातो, तिथे आणखी थोडं थांबावं लागतं.

यंत्र यायच्या आठ-दहा दिवस आधी प्रत्येक ग्रीनला गुंठ्यामागे ५४० ग्रॅम युरिया द्या. म्हणजे चौरस मीटरला अडीच ग्रॅम नत्र होतं. पाच गुंठ्यांना २.७ किलो लागेल. लगेच ५-६ मिलिमीटर पाणी द्या. युरिया पृष्ठभागावर पडून राहिला तर अमोनिया होऊन उडून जातो आणि पातीही जळते. पाण्याचा हिशेब सोपा आहे : एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, गुंठ्याला १०० लिटर.

भोकं पाडण्याच्या आदल्या संध्याकाळी ग्रीन भिजवा. कोरड्या मातीत दात पुरते जात नाहीत आणि चिखलात भोकाच्या भिंती लिंपून गुळगुळीत होतात, मग त्यांतून मूळ शिरत नाही. सकाळी आधी उभ्या पात्यांच्या व्हर्टिकटरने दोन दिशांनी, दोन-तीन मिलिमीटर खोल, हलक्या चिरा द्या. त्यानंतर १२ मिलिमीटरचे पोकळ दात लावा. अंतर ५ सेंटिमीटर, खोली ७ ते ८. निघालेल्या मातीच्या कांड्या त्याच दिवशी गोळा करा. उन्हात वाळून त्या फुटल्या की त्यांची माती परत भोकात जाते आणि सगळी मेहनत वाया.

या मापाने पाडलेली भोकं पृष्ठभागाच्या सुमारे साडेचार टक्के होतात. ती काठोकाठ भरायला पाच गुंठ्यांना १.७ घनमीटर वाळू लागते, वर दीड मिलिमीटरचा पातळ थर धरला तर एकूण अडीच घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा ग्रीनमागे एक ब्रास मागवा. वाळू पूर्ण कोरडी हवी, ओली वाळू भोकाच्या तोंडाशीच अडकते. पसरल्यावर काथ्याची जड चटई ओढा, दोन्ही दिशांनी. भोकं अर्धी भरून सोडणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. मग तोंडं खचतात, चेंडू उड्या मारतो आणि दोष यंत्राला दिला जातो.

काम संपल्या संपल्या ८ ते १० मिलिमीटर पाणी द्या. पुढचे तीन-चार दिवस दुपारी दोनदा, दरवेळी दोन मिलिमीटर एवढंच. चौथ्या दिवशी कापणी करा, पण उंची एक मिलिमीटरने वाढवून आणि जुन्या रीलने (कापणीयंत्राच्या फिरत्या पात्यांच्या रुळाने), कारण वाळू नव्या पात्याची धार एका फेरीत घालवते. सातव्या दिवशी पुन्हा ५४० ग्रॅम युरिया आणि त्यासोबत ६०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश, दोन्ही गुंठ्याला. दोन ते तीन आठवड्यांत ग्रीन बंद होतो.

यंत्र आठ दिवसच आहे, तर नऊ ग्रीन एका दमात करू नका. रोज दोन धरा, आणि सर्वांत जास्त पायदळी जाणारे आधी घ्या. दुसरी फेरी ऑक्टोबरात. जूनच्या तोंडावर मात्र मोह झाला तरी करू नका; पावसात वाळू वाहून जाते आणि ढगाळ दिवसांत उघड्या जागेवर शेवाळ धरतं.

प्रश्न : विहीर समुद्रापासून तीनशे मीटरवर आहे. फेब्रुवारीत टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ९०० दाखवतं, गेल्या मेमध्ये ३८०० पर्यंत गेलं होतं. ग्रीनची पाती टोकाकडून जळतात. जिप्सम टाकावं, की गवतच बदलावं?
— कोर्स व्यवस्थापक, वेंगुर्ले

आधी विहीर, मग जिप्सम, मग गवत. किनाऱ्यावरच्या विहिरीत गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली असतं. जोरात, सलग उपसा केला की खारं पाणी पंपाकडे वर खेचलं जातं. सहा तास एकटाक पंप चालवण्याऐवजी दोन तास चालवून दोन तास थांबवा. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या शोषणनळीच्या टोकाची झडप) तळाशी असेल तर शक्य तितका वर घ्या. पंप सुरू करताना आणि तासाभराने, असे दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहा. त्यांतलं अंतर वाढायला लागलं की विहीर दमतेय असं समजा. हे काम फुकटात होतं, तरी सगळ्यांत शेवटी केलं जातं.

आता आकडे. टीडीएसला ६४० ने भागलं की क्षारतेचा, म्हणजे ईसीचा, अंदाज मिळतो. साधी हरळी ४.६ ईसीपर्यंतचं पाणी फारसं न कुरकुरता सोसते, पण त्यासाठी मुळांखाली क्षार धुऊन नेण्याइतकं जादा पाणी मिळायला हवं. टीडीएस २००० च्या आसपास असेल तर गरजेपेक्षा १० टक्के, ३००० ला पोचलं तर १५ टक्के जास्त. हे जादा पाणी रोज शिंपडण्यात वाटू नका. आठवड्यातून एकदा, पहाटे, एकच मोठं पाणी द्या, म्हणजे क्षार मुळांच्या खाली जातात. रोजच्या शिडकाव्याने ते वरच्या दोन सेंटिमीटरांत साचतात. टोकं जळण्याचं तुमच्याकडचं कारण हेच असण्याची शक्यता मोठी आहे.

मेमधलं ३८०० म्हणजे जवळजवळ ६ ईसी. त्या पातळीवर टँकरचं किंवा साठवलेलं गोडं पाणी मिसळल्याशिवाय ग्रीनला देऊ नका. पाणी कमीच पडणार, तेव्हा पाण्याची उतरंड आताच ठरवा. गोडं पाणी ग्रीनला, मिश्र पाणी टीला, खारं फेअरवेला, आणि रफला काहीच नाही. मार्चमध्ये हरळीला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर लागतं, म्हणजे पाच गुंठ्यांच्या एका ग्रीनला १२,५०० लिटर. दहा हजारी टँकरच्या भाषेत सव्वा टँकर. नऊ ग्रीनचा हिशेब करून पाहिलात की विहीर जपण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही.

जिप्सम मातीतलं सोडियम हटवतं, पाण्यातले क्षार कमी करत नाही. माती चिकण असेल, पाणी वर साचून पापुद्रा धरत असेल तरच गुंठ्याला ५ ते १० किलो द्या आणि लगेच भरपूर पाणी द्या. निव्वळ वाळूच्या ग्रीनवर त्याचा फारसा उपयोग नाही. म्युरेट ऑफ पोटॅश बंद करा, त्यातलं क्लोराइड आगीत तेल आहे. त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश.

गवत बदलायचं तर पास्पालम नावाचं गवत क्षार हरळीपेक्षा बराच जास्त सोसतं हे खरं. पण ते कमी पाण्यावर जगतं असा समज करून घेऊन लोक लावतात आणि पस्तावतात. त्यालाही पाणी लागतंच. शिवाय हरळीत चालणारी बरीच तणनाशकं त्याला चालत नाहीत. एका टीवर किंवा नर्सरीच्या वाफ्यात एक पूर्ण वर्ष लावून बघा. कोकणाचं एक सुख आहे : वर्षभर साठलेले क्षार जून-जुलैचा पाऊस फुकटात धुऊन नेतो. म्हणून आपल्याला तीन महिने तगायचं असतं, बारा नाही.

प्रश्न : फेअरवे जांभ्या मातीवर आहे. युरिया दिला की चार दिवस हिरवं, मग पुन्हा पिवळं. लोह कमी आहे म्हणून हिराकस मारलं, तरी फरक नाही.
— वाचक, दापोली

जांभ्या मातीचा लाल रंगच लोहाचा आहे, तिथे लोहाची कमतरता दुर्मीळ. अडचण आम्लतेची असते. सामू (पीएच) ५.५ च्या खाली गेला की मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावसाने आधीच वाहून गेलेलं असतं, आणि मुळं आखूड राहतात. आखूड मुळांना युरियाही चार दिवसच पुरतो.

वरच्या १० सेंटिमीटरची माती पंधरा-वीस ठिकाणांहून घेऊन, एकत्र करून, अर्धा किलो नमुना दापोलीच्याच कोकण कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या मृद् चाचणी प्रयोगशाळेत द्या. सामू ५.३ च्या आसपास आला तर गुंठ्याला १० किलो डोलोमाइटची बारीक पूड आता, आणि १० किलो ऑक्टोबरात. भोकं पाडल्यावर दिलीत तर ती खाली पोचते. कळीचा चुना नको, गवत भाजतो. चुना आणि युरिया यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर नत्र हवेत जातं. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट गुंठ्याला ३ किलो, तेही भोकांतच जाईल असं. पृष्ठभागावर टाकलेला स्फुरद जांभ्यात जागच्या जागी अडकतो. अमोनियम सल्फेट वापरत असाल तर थांबवा, ते माती आणखी आंबट करतं.

हिराकस वाईट नाही. स्पर्धेच्या दोन दिवस आधी नुसता रंग हवा असेल तर गुंठ्याला ५० ते १०० ग्रॅम, ५ ते ८ लिटर पाण्यातून फवारा. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचा डाग जात नाही. औषध म्हणून मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : कातळावर माती टाकून फेअरवे केला आहे. एरेटरचे दात वाकतात, काही तुटले. आठवड्यातून एकदा खोल पाणी द्या असं सगळे सांगतात, तसं देतो, तरी चौथ्या दिवशी पट्टे सुकतात.
— वाचक, रत्नागिरी

सगळे सांगतात ते खोल मातीसाठी बरोबर आहे, तुमच्या जागी चूक. दहा सेंटिमीटर जांभी माती गवताच्या उपयोगाचं साधारण १० मिलिमीटर पाणी धरते. त्याहून जास्त दिलेलं कातळावरून वाहून जातं. मार्चमध्ये गवत दिवसाला तीन-साडेतीन मिलिमीटर पितं, म्हणजे तिसऱ्या दिवशी खजिना रिकामा. तुमचे पट्टे चौथ्या दिवशी सुकतात, त्यात नवल नाही. दर तिसऱ्या दिवशी ८ ते १० मिलिमीटर द्या.

दातांबद्दल : आधी टोकदार सळई घेऊन दर तीन मीटरवर माती किती खोल आहे ते मोजा आणि कागदावर नकाशा काढा. हा एक दिवसाचा उद्योग पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतो. पंधरा सेंटिमीटरच्या वर माती असेल तिथेच पोकळ दात. आठ ते पंधरामध्ये भरीव दात, ४-५ सेंटिमीटर खोल. आठच्या खाली यंत्र नेऊच नका. तिथे उभ्या पात्याच्या चिरा आणि बारीक चाळलेल्या मातीचा पाच मिलिमीटर जाडीचा थर, गुंठ्याला अर्धा घनमीटर. माती त्याच जातीची घ्या, वेगळी घातलीत तर थरांच्या सांध्यावर मुळं अडतात. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जाड थर दिलात तर गवत गुदमरतं. असे दोन थर या वसंतात, दोन ऑक्टोबरात. कापणीची उंची १२ वरून मार्चपासून १८-२० मिलिमीटरवर न्या. कातळ तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खालून शेक देत राहतो, तिथे पातीची सावली हवीच.

प्रश्न : घराच्या आवारात अर्ध्या गुंठ्याचं पटिंग ग्रीन आहे. वर पसरायला किनाऱ्यावरची वाळू चालेल का? क्रश सँड स्वस्त पडते.
— वाचक, अलिबाग

दोन्ही नकोत. किनाऱ्यावरची वाळू उचलणं किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत बसत नाही, हे पहिलं. दुसरं, ती एकाच मापाची बारीक असते, त्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. क्रश सँड टोकदार असते आणि तिच्यातली दगडाची भुकटी भोकं बुजवते. कापणीयंत्राची धारही खाते.

परवान्याची, धुतलेली नदीची वाळू घ्या. दोन मिलिमीटरच्या जाळीतून चाळून मोठे खडे काढा. ग्रीन बांधणीसाठी अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० पासून जी मानकं दिली आहेत, त्यांत निदान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरमध्ये लागतात आणि गाळ-चिकणमाती अगदी नाममात्र. घरी परीक्षा अशी : लिटरच्या पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, जोरात हलवा, दोन-तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या विसाव्या भागापेक्षा जाड असेल तर पुन्हा धुवा किंवा परत पाठवा. अर्ध्या गुंठ्याला तीन मिलिमीटरसाठी ०.१५ घनमीटर, म्हणजे घमेल्याच्या हिशेबात फार नाही, म्हणून महाग वाळूही परवडेल. एकदा निवडलेली वाळू पुढे बदलू नका.

यंत्र नसेल तर बागकामाचा चार दातांचा काटा १० सेंटिमीटर खुपसून किंचित मागे-पुढे हलवा, दर १० सेंटिमीटरवर. एवढ्या जागेला ते पुरेसं आहे.

प्रश्न : उत्तर भारतात हिवाळ्यात रायग्रास पेरून ग्रीन हिरवे ठेवतात. आपण का नाही?
— वाचक, चिपळूण

गरज नाही. तिथे थंडीने हरळी पूर्ण तपकिरी होते, इथे ती फक्त मंदावते. रायग्रास पेरलंत तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमकं हरळीला उजेड आणि अन्न हवं तेव्हा, ते तिच्या डोक्यावर बसतं आणि मग एप्रिलच्या उन्हात मरून टक्कल ठेवून जातं. आणि टिफड्वार्फचं बियाणं कोणी देऊ केलं तर घेऊ नका. तो संकरित वाण रुजणारं बी धरत नाही, त्याची लागवड काड्यांनीच होते.

प्रश्न : मार्च लागला की टीच्या आसपास नाचणीसारखं दिसणारं गवत येतं, आणि फेअरवेत लव्हाळा. उपटतो तेवढा लव्हाळा दुपटीने येतो.
— माळी, चिपळूण

नाचणीसारखं दिसतं कारण ते नाचणीच्याच कुळातलं आहे. बुडाशी पांढरट, चपटं, जमिनीला चिकटून पसरणारं. ते येतं तिथे माती पायांनी घट्ट झालेली असते, म्हणून टीच्या भोवती. पहिला उपाय भोकं पाडून माती मोकळी करणं हाच. तुरे येण्याआधी, पाणी दिल्यावर, खुरप्याने मुळासकट काढा. गेल्या वर्षी जिथे फारच माजलं असेल तिथे उगवणीपूर्वीचं तणनाशक पेंडिमेथालिन ३० ईसी (औषधाच्या नावातलं ईसी म्हणजे पाण्यात मिसळणारं द्रव रूप, क्षारतेचा ईसी नव्हे), गुंठ्याला ३३ मिली, ५-६ लिटर पाण्यातून, नंतर ५-६ मिलिमीटर पाणी. भोकं आधी पाडा, औषध नंतर. ग्रीनवर नको, आणि जिथे हरळीच्या काड्या लावायच्या आहेत तिथेही नको, कारण ते नवीन मुळं फुटू देत नाही. उगवणीची मोठी लाट पहिल्या पावसाबरोबर येते, तेव्हा मेअखेर दुसरी फवारणी धरून ठेवा.

लव्हाळा ओळखायला दांडा बोटांत फिरवा, तीन धारा लागतात. उपटल्यावर खालची गाठ मातीतच राहते आणि तिला अनेक कोंब फुटतात, म्हणून तुमचं दुप्पट. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के उसातल्या लव्हाळ्यासाठी बाजारात मिळतं आणि हरळीला सोसतं. गुंठ्याला फक्त ०.९ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर तोलण्याचं काम आहे, चमच्याने अंदाजे घेऊ नका. चिकटद्रव्य मिसळा. लव्हाळा तीन ते पाच पानांवर, जोमात असताना फवारा. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कापणी बंद, नाहीतर औषध घ्यायला पानच उरत नाही. पिवळं पडायला दोन आठवडे लागतात. घाईने पुन्हा मारू नका. सहा-आठ आठवड्यांनी राहिलेल्यावर दुसरा हात. पटिंग ग्रीनवर हेही नाही, तिथे बारीक सुरीने गाठीसकट काढणं हाच मार्ग. दोन्ही औषधांचं लेबल आधी वाचा आणि हातमोजे घाला.

प्रश्न : सकाळी ग्रीनवर रुपयाच्या नाण्याएवढे वाळके ठिपके दिसतात, त्यांवर कोळिष्टकासारखं पांढरं. ऊन चढलं की पांढरं जातं, ठिपके राहतात.
— वाचक, खारघर

डॉलर स्पॉट नावाची बुरशी. गार रात्री, जाड दव आणि नत्राची उपासमार, तिन्ही एकत्र आले की येते. उजाडताच लांब लवचिक बांबू ग्रीनवरून फिरवून किंवा काथ्याचा दोर दोघांनी ओढून दव झटका. निम्मा रोग एवढ्यानेच थांबतो. संध्याकाळचं पाणी बंद, पहाटेचं सुरू. २०० ग्रॅम युरिया १० लिटर पाण्यात, गुंठ्याला फवारा आणि नंतर हलकं पाणी. ठिपके एकमेकांत मिसळायला लागले तरच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी, लिटरला १ मिली, एकदा. बुटक्या हरळीवर ते पुन्हा पुन्हा मारलं तर वाढ खुंटते, आणि वसंतात खुंटलेली वाढ परवडत नाही. मार्चच्या मध्यावर रात्री उबदार झाल्या की रोग आपोआप ओसरतो.

प्रश्न : कापल्यावर ग्रीन पांढुरका दिसतो.
— वाचक, रोहा

रील बोथट आहे किंवा बेडनाइफपासून, म्हणजे खालच्या स्थिर पात्यापासून, लांब. पाती कापली न जाता फाटते, फाटलेलं टोक वाळून पांढरं होतं, आणि त्यातून पाणीही जास्त उडतं. वर्तमानपत्राची पट्टी रील आणि बेडनाइफच्या मध्ये धरून रील हाताने फिरवा, हातमोजा घालून आणि इंजिनाच्या प्लगची वायर काढून. डावीकडून उजवीकडे दहा ठिकाणी. सगळीकडे स्वच्छ कापली गेली पाहिजे. काही ठिकाणी दुमडली तर जुळणी नीट करा, सगळीकडे दुमडली तर ८० ते १२० ग्रिटची ग्राइंडिंग पेस्ट लावून रील उलटी फिरवा. तरीही जमलं नाही तर ग्राइंडरवर. रोटरी यंत्राला २०-२५ तासांनी धार, आणि धार लावल्यावर पातं खिळ्यावर टांगून तोल बघा. एका बाजूला झुकलं तर यंत्र थरथरतं आणि बेअरिंग जातं.

यंत्र धुताना खारं पाणी वापरू नका. पुसून पात्यांना तेलाचा हात द्या. कंपनीच्या पुस्तकात ‘हिवाळी साठवण’ म्हणून जे लिहिलेलं असतं, पेट्रोल काढून ठेवणं वगैरे, ते आपण पावसाळ्यापूर्वी करायचं.

प्रश्न : रानडुकरं रात्रीत फेअरवे नांगरून टाकतात. कीटकनाशक टाकलं तर येणार नाहीत का?
— वाचक, लांजा

आजूबाजूचं रान वाळलं की तुमचा ओला फेअरवे हाच मऊ जमिनीचा एकमेव तुकडा उरतो; किडे, गांडुळं, कंद सगळं तिथे. एका फुटाचा चौकोन खणून हुमणी किती निघते ते बघा. निघाली तरी मार्चमध्ये औषध टाकून उपयोग नाही. मोठ्या अळ्या खोल गेलेल्या असतात, काही कोषात. हुमणीचा बंदोबस्त पहिल्या पावसाला : भुंगेरे बाहेर पडतात तेव्हा दिव्याखाली साबणाच्या पाण्याची घमेली ठेवा, आणि जून-जुलैत लहान अळ्यांवर मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून.

सध्यापुरतं सौर कुंपण, पहिली तार २०-२५ सेंटिमीटरवर, दुसरी ५० वर, खालचं गवत छाटलेलं. घरची वीज तारेत सोडणं बेकायदा आहे आणि त्यात माणसं गेली आहेत. फासे लावू नका, वनखात्याला कळवा. उखडलेली ढेकळं त्याच सकाळी उलटी करून जागेवर बसवा, पायाने दाबा, पाणी द्या. दुपारपर्यंत ठेवलीत तर मुळं वाळतात आणि नवी लागवड करावी लागते.

प्रश्न : बंकरमधली (कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यातली) वाळू लाल झाली आहे.
— वाचक, सावंतवाडी

पावसात कडेची जांभी माती वाहून आत आली. वरचा लाल थर खरवडून काढा, कडेने १५ सेंटिमीटर उंच गवताची वरंब करा म्हणजे पाणी बाहेरून वळेल, आणि मग नवी वाळू : तळाला १० सेंटिमीटर, उतारावर ५. आधी वाळू आणि नंतर वरंब, असं केलंत तर जूनमध्ये पुन्हा लिहावं लागेल.

प्रश्न : शिमग्याला आमच्या फेअरवेच्या एका टोकाला मांडव पडतो, पालखी नाचते, गाड्या लागतात. मानाचा कार्यक्रम, नाही म्हणता येत नाही. नंतर ते टोक मेपर्यंत पिवळं राहतं.
— क्लबचे सचिव, देवरूख

नाही म्हणू नका, तयारी करा. आधीचे चार दिवस त्या टोकाला पाणी बंद. कोरडी जमीन वजन सोसते, ओली दबून विटेसारखी होते. आधीच्या आठवड्यात तिथली कापणीही सोडा, २५ मिलिमीटरपर्यंत वाढू द्या. युरिया नको, लुसलुशीत गवत लवकर चेंगरतं. मांडवाखाली प्लास्टिक किंवा ताडपत्री न अंथरता सुंभाच्या चटया किंवा झावळ्यांचे विणलेले झाप घाला, खालून हवा खेळते. गाड्यांसाठी रफचा कडेचा पट्टा दोरीने आखून द्या. कार्यकर्त्यांना एकदा दाखवलं की ते सांभाळतात.

मांडव उतरला की त्याच दिवशी कचरा आणि खिळे उचला. खिळ्यांसाठी दोरीला बांधलेलं लोहचुंबक ओढा, नाहीतर पुढच्याच कापणीला रीलचं पातं तुटेल. गुलालाचा थर नुसता झाडून काढा, पाणी मारून चिखल करू नका. मग १५ मिलिमीटर पाणी, दुसऱ्या दिवशी भरीव दातांनी भोकं, तिसऱ्या दिवशी गुंठ्याला ५४० ग्रॅम युरिया पाण्यासकट. जिथे पाती गेली पण जमिनीलगतच्या काड्या हिरव्या आहेत, तिथे दुसरं काही करू नका, तीन आठवड्यांत भरतं. काडी मोडल्यावर आतून तपकिरी आणि कोरडी निघाली तर मात्र नर्सरीच्या वाफ्यातून होल कटरने (होलचं भोक पाडायच्या साधनाने) १०८ मिलिमीटरच्या चकत्या काढून ३० सेंटिमीटरवर एक अशा बसवा. तेवढ्या जागेला पंधरा दिवस रोज दोनदा हलकं पाणी लागेल, ते पाणी विहिरीत आहे का ते आधी बघा. नसेल तर चकत्या ऑक्टोबरात लावा.